गर्भ राहण्याआधीचं बोला

१० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांचं, सभागृहात मांडलं पी. जे. रोहम यांनी. त्यातला एक मुद्दा असा की, आजारी अंगानं बाळंत झालेल्या कित्येक बाया जन्माच्या अधू होतात, काही जिवानिशी जातात. म्हणून मूल नको असेल तर, कारण कुठलंही असो, ते टाळायची सोय बाईच्या हातात पाहिजे. बाजूनं ११ मतं, विरोधात ५२. जयंतीला डीजेपुढे नाचणाऱ्या आपल्या पोरांना हे भाषण ठाऊक आहे काय? विचारून बघा.

मालवणच्या किनाऱ्यावर मी ते ५२ जण आजही बघते. सासू म्हणून, नवरा म्हणून, शेजारीण म्हणून. लग्नाला वर्ष झालं की 'काय विशेष?' सुरू. सुनेला फिट येते, साखर आहे, लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप बिघडलीय, हे कोण विचारतंय! माहेरच्यांनी ते लपवूनच लग्न लावलेलं असतं. पत्रिका सोडल्या आपण, लाज नाही सोडली.

सरकारचं कार्डही गर्भ राहिल्यावरच निघतं. २०१६ पासूनची दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी, मातृवंदनेचे पैसे, सगळं नंतरचं. शरीराचं गणित मात्र आधीचं. बाळाच्या मेंदू-कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते. तोवर पाळी चुकली की लांबली हेच बाईला धड कळलेलं नसतं. त्याच दिवसांत साखर चढलेली असली तर बाळाच्या हृदयात, कण्यात दोष राहू शकतो. म्हणून साखर आधी उतरवायची. एचबीएवनसी जमलं तर ६.५ च्या खाली. फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासून. साखरवाल्या, फिटवाल्या बाईला त्याचा डोस जास्त लागतो, तो डॉक्टर ठरवील.

फिटच्या गोळ्यांचं तर नीट ऐका. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायांच्या दर दहा बाळांत साधारण एकाला जन्मजात दोष निघतो. पण म्हणून घाबरून गोळी स्वतःच बंद केली, तर फिटनं आईच जायची. गोळी बदलायची ती डॉक्टरकडून, नि गर्भ राहण्याआधी. तोवर निरोध, तांबी, जे चालेल ते. ब्लड प्रेशरची एनालाप्रिलसारखी गोळीही अशीच बदलून घ्यावी लागते. आणि झडप अरुंद असेल तर हृदय आधी तपासा. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ते त्या फटीतनं जाणार कसं?

सगळं ऐकून ती 'नको' म्हणाली, तर नको. तिथं नवऱ्याचं मत ५३ वं.

इथं अवघड केस झाली की गाडी अजून गोव्याला, बांबोळीला पळते. मालवणापासून शंभरावर किलोमीटर. काजूच्या चिकानं हात काळे झालेली, मासळीची पाटी उचलणारी बाई दिवसाची मजुरी मोडून, दुखणं नसताना, निव्वळ विचारायला तिथवर जाईल? म्हणून हा दवाखाना ओरोसला पाहिजे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आठवड्याचा एक ठरलेला वार, फक्त मूल ठरवण्याआधीच्या तपासणीला.

मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, गणपतीला गावी याल तेव्हा बायकोच्या, बहिणीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन तिच्यासोबत डॉक्टरकडे जा. अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या पाहिजेत.