दीर्घिकांचा शेजार आणि आपली पोरं



दीर्घिका शिकवताना आपण व्याख्या सांगतो, प्रकार सांगतो, आकृती काढून घेतो आणि पुढे सरकतो. ती दीर्घिका राहते कुठे, तिचे शेजारी कोण, हे राहूनच जातं. माझं म्हणणं, हा शेजार शिकवलाच पाहिजे.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 'सरस्वती' हा महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर. त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. म्हणजे विश्वातही कुठे दाट वस्ती, तर कुठे ओसाड माळरान.

या वस्तीचा तेजाशी संबंध आहे. तेज म्हणजे खरी तेजस्विता, जवळ असल्यामुळे भासणारी नव्हे. हे मुलांना आधी सांगावं. सर्वांत तेजस्वी दीर्घिका बहुधा दाट समूहांच्या मध्यभागी सापडतात. कन्या समूहातली एम ८७ घ्या. तिच्याच कृष्णविवराचं छायाचित्र २०१९ मध्ये गाजलं. अशा दीर्घिका लहान शेजाऱ्यांना पोटात घेत वाढतात. पण त्याच समूहात वेगानं शिरणाऱ्या लहान दीर्घिकेतला वायू तिथल्या तप्त वायूच्या दाबानं बाहेर ढकलला जातो. वायू गेला की नवे तारे जन्मत नाहीत. ती हळूहळू मंद, लालसर होत जाते.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. शेजार एकच, परिणाम मात्र वेगवेगळे. दीर्घिकेचं स्वतःचं वस्तुमान किती, ती समूहात नेमकी कुठे आहे, यावरही बरंच ठरतं.

आता आपल्याकडे वळू. "कामरगावची पोरं, वातावरणच तसं, काय होणार?" असं आपण किती सहज बोलून जातो! दीर्घिका म्हणजे मुलं नव्हेत, तुलना फार ताणू नये. पण निर्जीव दीर्घिकेबद्दलही शास्त्रज्ञ नुसता परिसर बघून निकाल देत नाहीत. मग मुलाबद्दल आपण का द्यावा? त्याच्यापाशी काय आहे आणि भोवतालात त्याचं काय हिरावलं जातंय, हे आधी बघू या.

एप्रिल-मेच्या अंधाऱ्या रात्री पोरांना शिवारात न्या, चित्रा तारा दाखवा. कन्या समूह त्याच राशीच्या दिशेला आहे. तिथे उभं राहून शेजाराचा धडा शिकवा.