हुंडी थांबते तेव्हा

इंग्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीला आजही ‘बँक हॉलिडे’ म्हणतात. सुट्टीला देवाचे किंवा ऋतूचे नाव असावे, पेढीचे का असावे, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर हुंडीच्या मुदतीत आहे.

एकेकाळी बँक ऑफ इंग्लंड संतांच्या स्मरणार्थ वर्षातून तीसहून अधिक दिवस बंद राहत असे. १८३४ मध्ये त्या सुट्ट्या अवघ्या चारवर आल्या. कारकुनांना विसावा असा उरलाच नाही.

लंडनमधील एका पिढीजात पेढीचे मालक सर जॉन लबॉक १८७० मध्ये संसदेवर निवडून आले. मुंग्यांचे जीवन बारकाईने न्याहाळणारे निसर्गअभ्यासक म्हणूनही त्यांची ख्याती होती. १८७१ मध्ये त्यांनी बँक सुट्ट्यांचा कायदा संमत करून घेतला. ईस्टरनंतरचा सोमवार, त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिट सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस, हे ते चार दिवस.

दुकाने बंद ठेवा, असे त्या कायद्यात कोठेही नव्हते. त्या दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी देय समजावी आणि कोणावरही रक्कम चुकती करण्याची सक्ती असू नये, इतकेच त्यात होते. परंतु हुंडी थांबली की देणेघेणे थांबते, हे लबॉक पेढीवर बसून शिकले होते. हळूहळू वखारी आणि दुकानेही बंद राहू लागली. लोक त्या दिवसाला कौतुकाने ‘संत लबॉक दिन’ म्हणू लागले.

नाताळच्या दुसऱ्या दिवसाला ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्ताप्रमाणे नोकरांना आणि घरी माल पोचविणाऱ्यांना पेटीतून पैसे देण्याच्या रिवाजावरून ते नाव पडले, असे मानतात.

तरीही दुकानातील पोऱ्यांचे हाल संपले नव्हते. १८८६ मध्ये लबॉक यांच्याच प्रयत्नाने अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक राबविण्यास बंदी झाली. ७४ तासांची मर्यादा हाही दिलासा ठरावा, यावरून आधीची स्थिती उमगते.

महाराष्ट्रातही महावीर जयंतीसह सार्वजनिक सुट्ट्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याखालीच जाहीर होतात. फरक एवढाच की, येथे सुट्टीच्या दिवशी मुदत भरणारी रक्कम आदल्या कामकाजाच्या दिवशी देय होते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. शक्तीपलीकडे लादलेले ओझे बैलाच्या पाठीवर असो वा गुमास्त्याच्या, दोष सारखाच. जन्मकल्याणकाच्या दिवशी बाहेरून शटर ओढून आत पोऱ्याकडून मालाची मोजदाद करून घेतली, तर सुट्टी फक्त कुलपाला मिळाली.