१६० चौरस फुटांच्या घराला रंग कोणता?

मार्च संपत आला की आपल्या वस्त्यांत रंगाची कामे निघतात. १४ एप्रिलच्या आत घराला एक हात मारून घ्यायचा, विहाराच्या भिंती उजळायच्या, चाळीच्या गॅलरीचा कठडा निळा करायचा, ही आपली रीत आहे. नायगाव असो, वरळी असो, परळ-लालबाग असो की दादर-गिरगाव, त्या दिवसांत हार्डवेअरच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. घर नीटनेटके ठेवण्याची ही सवय आपल्या आधीच्या पिढ्यांनी जिद्दीने लावून घेतली, तिचा अभिमानच वाटला पाहिजे. मात्र दुकानात गेल्यावर आपण शेड विचारतो, भाव विचारतो आणि डबा उचलतो. त्या डब्यात काय आहे, हे विचारायचे राहून जाते.

‘कमी विषारी रंग’ म्हटले की पुष्कळांना ते श्रीमंतांचे चोचले वाटतात. माझे मत नेमके उलट आहे. घर जितके लहान, तितका रंगाचा प्रश्न मोठा. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली रंगवायला काढली तर कुटुंब दुसऱ्या खोलीत झोपते. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत गॅस, त्याच खोलीत पाण्याचा पिंप, तिथेच मुलांचा अभ्यास आणि रात्री भिंतीला लागून अंथरूण. रंगाचा वास आणि जुन्या रंगाची भुकटी यांपासून पळून जायला दुसरी खोलीच नसते. म्हणून कमी विषारी रंगाची खरी गरज आपल्याला आहे.

रंगातल्या धोकादायक गोष्टी मुख्यतः दोन. पहिली म्हणजे शिसे. रंग चकचकीत दिसावा, लवकर सुकावा आणि टिकावा म्हणून ऑईल पेंटमध्ये शिशाची संयुगे घालत आले आहेत. पिवळा, नारंगी, लाल, हिरवा अशा भडक रंगांत ती जास्त सापडतात. दुसरी गोष्ट म्हणजे रंग पातळ करणारी द्रव्ये, म्हणजे टर्पेंटाईन, थिनर वगैरे. ती हवेत उडतात, त्यांच्यामुळे डोके दुखते, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याचा दमा उसळतो. या दुसऱ्या धोक्याची वर्दी नाक देते. शिशाला मात्र वास नाही. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे रंग चांगला’ हा हिशेब चुकीचा आहे.

शिसे शरीरात जाते ते बहुतेक धुळीतून. जुना रंग सुटतो, त्याची भुकटी फरशीवर पडते, रांगते मूल त्यावर हात ठेवते आणि तोच हात तोंडात घालते. खाल्लेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जितके मुरते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरते. अंगात रक्त कमी असेल, लोह-कॅल्शियम कमी पडत असेल, तर आणखी जास्त. गरोदर बाईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

‘इतकी वर्षे रंग लावतोय, आम्हाला काय झाले?’ असे कोणी विचारील. शिशाचा त्रास ताप-खोकल्यासारखा समोर येत नाही. तो मेंदूवर होतो. मुलाचे लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही, चिडचिड वाढते आणि शाळेत त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातले शिसे मोजले होते. हजाराहून अधिक मुलांपैकी सुमारे पाऊण मुलांमध्ये ते दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम निघाले. आज अमेरिकेत ३.५ च्या वर आकडा गेला तरी त्या मुलाकडे लक्ष द्यायला सांगतात. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे होते, ते २००० साली बंद झाले आणि हवेतला एक मोठा धोका कमी झाला. घरातल्या भिंती-दारांवरचे शिसे मात्र आपोआप जात नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणाऱ्या आपल्या समाजाने हे विसरून चालणार नाही. क्लासची फी भरायची आणि मुलाच्या मेंदूचे नुकसान घरातच होऊ द्यायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि तसे डब्यावर छापलेले असले पाहिजे. पण दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने त्यानंतर केलेल्या तपासण्यांतही, विशेषतः लहान कंपन्यांच्या ऑईल पेंटमध्ये, मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त शिसे सापडले. म्हणून डब्यावरची ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेबल नसलेल्या डब्यातला किंवा सुटा मिळणारा स्वस्त ऑईल पेंट तर घेऊच नये. दुकानदाराने ‘सगळे सारखेच असते’ म्हटले, तर दुसरे दुकान गाठावे.

मग घ्यावे काय? भिंतींना पाण्यात कालवायचा रंग, म्हणजे डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंट घ्यावा. त्याचा वास कमी आणि तो लवकर सुकतो. त्यातही ‘लो व्हीओसी’ लिहिलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे त्यात हवेत उडणारी द्रव्ये कमी असतात. पण ‘लो व्हीओसी’ आणि शिशाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डब्यावर दोन्ही पाहाव्यात. सर्वांत स्वस्त आणि साधा उपाय म्हणजे चुना. त्याला थिनर लागत नाही. तो जुन्या ऑईल पेंटवर धरत नाही आणि कालवताना डोळ्यांत-हातावर भाजतो, एवढे ध्यानात ठेवून मुलांना लांब ठेवावे. ऑईल पेंट फक्त दारे, खिडक्या, ग्रिल एवढ्यापुरताच ठेवावा. पाळणा आणि खेळणी यांना तो लावूच नये. भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करावी. ओलीवर कितीही भारी रंग मारला तरी तो पापुद्रे धरून खाली येतो आणि बुरशी राहते ती राहतेच.

नव्या डब्यापेक्षा मोठा धोका पुष्कळदा जुन्या थरांत असतो. आपल्या चाळींतल्या लाकडी दारा-खिडक्यांवर ऑईल पेंटचे कितीतरी थर बसलेले आहेत आणि ते लागले तेव्हा ९० पीपीएमचा नियम नव्हता. त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे. हे थर कोरडे घासू नयेत आणि ब्लो लॅम्पने जाळू तर मुळीच नयेत. घट्ट बसलेला रंग असेल तर तो तसाच ठेवून वर नवा हात मारावा. सुटलेला रंग पाणी मारून, ओला करूनच खरवडावा. खाली मेणकापड अंथरावे, धान्याचे डबे, पिंप आणि अंथरुणे झाकावीत. काम झाल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि खरवड पिशवीत बांधून टाकावी. ऑईल पेंट आणि थिनर चालू असताना गॅस आणि दिवा बंद ठेवावा, कारण त्या वाफा पेट घेतात. लहान मुले, गरोदर बाई आणि दमेकरी यांची दोन-तीन दिवस शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय करावी. आपल्या चाळींत शेजारधर्म अजून टिकून आहे, तो अशा वेळी कामाला यावा.

रंगारी बहुधा आपलाच कोणी भाऊबंद असतो, याचाही विचार व्हावा. आपल्या घरात ही धूळ दोन दिवस, त्याच्या छातीत ती वर्षभर. त्याला मास्क आणि हात धुवायला साबण-पाणी द्यावे. थिनरने हात धुण्याची सवय वाईट, ते कातडीतून आत जाते. त्यानेही कामाचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. ओले खरवडायला वेळ जास्त लागतो, तेव्हा त्याची अर्धी दिवसपाळी जास्त द्यावी लागली तर ती कुरकुर न करता द्यावी.

आता आपल्यापैकी अनेकांची घरे बदलत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पुढे इतरांची पाळी येईल. नव्या घरात हौसेने कपाटे, पॉलिश, भडक भिंती सगळे एकदम करून घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी कुटुंब राहायला येते. तसे करू नये. काम संपल्यावर चार-आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवून घर वाऱ्यावर टाकावे, मग सामान लावावे.

एकेकट्याने हे सगळे सांभाळणे कठीण. म्हणून विहार समिती, महिला मंडळ आणि जयंती मंडळ यांनी यात पुढे यावे. चाळीचा रंग एकत्र घेतला तर भाव कमी पडतो आणि लेबल तपासूनच माल घेता येतो. विहाराच्या भिंतीला, गॅलरीच्या कठड्याला हाच नियम लावावा, कारण मुले तिथेच खेळतात. वस्तीतले एखादे मूल रंगाचे पापुद्रे खात असेल, फिकट दिसत असेल, अभ्यासात अचानक मागे पडत असेल, तर केईएम किंवा वाडियासारख्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाला घरातल्या जुन्या रंगाबद्दल सांगावे आणि रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे. जेवणात नाचणी, हिरवी पालेभाजी, कडधान्ये असावीत, आणि जेवणापूर्वी हात धुण्याची सवय मोडू देऊ नये.

यंदा रंगाच्या दुकानात गेलात तर शेड-कार्ड मागण्याआधी डबा हातात घ्या, फिरवा आणि शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. ती वाचून सांगेल.