लेखणी सर्वांची, पुराव्याचा भार लिहिणाऱ्यावर



ज्या ज्ञानकोशात कोणीही लिहावे व कोणीही खोडावे, त्या विकिपीडियावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न आपल्या घरातील वडीलधारी मंडळी करतात. प्रश्न रास्त आहे. परंतु निवाडा देण्यापूर्वी त्याचे कामकाज पाहिले पाहिजे.

वाचकाच्याच हाती लेखणी देणारे पहिले संकेतस्थळ अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली उभारले व त्यास हवाई भाषेतील 'विकी', म्हणजे जलद, हे नाव दिले. त्याच पद्धतीवर जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला. मराठी आवृत्ती २००३ सालची.

या कोशाचे मर्म त्याच्या दप्तरात आहे. प्रत्येक पानामागे 'इतिहास' असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, याची तेथे नोंद राहते आणि जुना मजकूर पुन्हा आणता येतो. आमच्या किती कचेऱ्यांत असे दप्तर सर्वांस खुले असते? शेजारीच चर्चेचे पान असते; वाद तेथे मांडावयाचा.

तथापि दप्तर असले म्हणजे अन्याय होत नाही असे नव्हे. २००५ साली जॉन साइगेन्थॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ही धादांत खोटी गोष्ट महिनोन् महिने तशीच राहिली. खोडण्याची मुभा प्रत्येकास होती, पण पाहिले कोणी? पुढे इंग्रजी आवृत्तीत नवे पान सुरू करण्यास खाते आवश्यक ठरले.

वकील या नात्याने मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा नियम. मजकुरावर कोणी हरकत घेतली, तर तो ठेवू पाहणाऱ्याने प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय आधार दाखवावा. पुराव्याचा भार त्याच्यावर. नियम न्याय्य आहे. मात्र त्याची झळ सर्वांस सारखी लागत नाही. ज्यांच्याविषयी शतकानुशतके इतरांनीच लिहिले, त्यांचे छापील आधार थोडे आणि तेही परक्या लेखणीचे. आपल्या आजीने सांगितलेली पाणवठ्यावरील बंदीची हकिकत कितीही खरी असो, त्या कोशात ती पुरावा ठरत नाही. ट्रंकेतील हस्तलिखित ठरावही ठरत नाही. नियतकालिकात वा प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकात ती आली, तरच तिचा विचार होतो.

म्हणून केवळ 'आमच्याविषयी चुकीचे लिहिले' अशी तक्रार घरात करून भागणार नाही. आपल्या गावाचे पान उघडावे. त्याचा इतिहास वाचावा. चूक आढळल्यास आधारासह दुरुस्त करावी व कोणी ती उलटवल्यास पुनःपुन्हा तीच दुरुस्ती न करता चर्चेच्या पानावर सभ्य भाषेत कारण विचारावे. आणि वृद्धांच्या आठवणी लिहून घेऊन, नावगाव व साल तपासून, त्या छापून आणण्याचे काम त्याआधी हाती घ्यावे. कारण त्या सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.