हावरेपणा नव्हे, व्याधी

अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम नागपूरकरांना संत्र्याच्या उदाहरणाने सहज पटतो. पहिल्या संत्र्याने जेवढे समाधान लाभते तेवढे दुसऱ्याने लाभत नाही, तिसऱ्याने त्याहूनही कमी. समाधान शून्यावर आले की खाणारा थांबतो. काही माणसांच्या बाबतीत मात्र हा नियम मोडून पडतो. पोट तुडुंब भरते, चव कळेनाशी होते, खाणे नकोसे वाटते, तरी हात थांबत नाही. हे बहुधा एकांतात, घाईघाईने घडते आणि मागे उरते ती शरम. अशांसाठी अधाशी, हावरा, खादाड ही विशेषणे समाजाजवळ तयारच असतात. परंतु हावेच्या मुळाशी निदान सुखाची ओढ असते. सुख संपल्यावरही जे खाणे संपत नाही, त्याला हाव कसे म्हणावे?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये या प्रकाराची नोंद केली होती. तथापि 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' या नावाने स्वतंत्र व्याधी म्हणून त्याला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने, खाण्यावरील ताबा सुटणे आणि त्याचा तीव्र मनस्ताप होणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत. तेव्हा लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या अधिक खाणारा हा रुग्ण नव्हे. प्रत्येक स्थूल माणूसही रुग्ण नव्हे. उलट, बेताच्या वजनाच्या माणसालाही ही व्याधी जडलेली असू शकते. लोक ज्याला भस्म्या म्हणतात त्याहूनही ही निराळी, कारण येथे भूक नसतानाही खाल्ले जाते.

सर्वांत घातक गैरसमज उपायाविषयीचा आहे. ताबा सुटतो ना, मग निर्बंध अधिक कडक करा, असा सल्ला घरोघरी दिला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. अन्नाशिवाय त्यांना दुसरे काही सुचेना. आणि पुढे अन्न मुबलक मिळू लागल्यावरही त्यांपैकी काहींना खाणे आवरेना. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीतील थट्टा फराळाच्या पदार्थांची असली, तरी निग्रहाच्या या उलट्या परिणामाची जाण तिच्यात आहेच. कडक पथ्य, मग ताबा सुटणे, मग शरम आणि शरमेपोटी आणखी कडक पथ्य, असे हे दुष्टचक्र आहे.

याचा अर्थ केवळ उपासमारच कारण आहे असा नव्हे. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, शरीरावरून झालेली चेष्टा, नैराश्य, सततचा ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात. अन्न हे त्यावरचे क्षणिक विस्मरण ठरते. म्हणूनच नियमित वेळी पुरेसे जेवण आणि विचार-वर्तन उपचार यांचा गुण येतो; दटावणीचा येत नाही.

परंतु उपचारापर्यंत जाणार कोण? नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयानजीकचा चौक आजही लोकांच्या तोंडी 'पागलखाना चौक' आहे. जेथे पत्त्यातच हेटाळणी आहे, तेथे एखादी विद्यार्थिनी वा कारकून मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढण्याऐवजी वजन घटविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीमागे धावला तर नवल नाही. तेथे पुन्हा उपासच विकत मिळतो! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण बंधनकारक केले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही शासकीय विनामूल्य सेवाही उपलब्ध आहे. कायदा आणि दूरध्वनी यांनी सोय होते, शरम जात नाही. त्यासाठी वर्गात मुलांच्या अंगकाठीवरून होणारी थट्टा शिक्षकांनी थांबवावी आणि घरात ताटावरून होणारी उलटतपासणी वडीलधाऱ्यांनी. यासाठी शासनाच्या एका पैशाचीही तरतूद लागत नाही.