चित्रीकरण नाही, मग पुढे काय?

पंच फितूर झाले की जप्तीचा पंचनामा तपासी अंमलदाराच्या तोंडून शाबित करून घ्यायचा, ही आपल्या सत्र न्यायालयांतली जुनी रीत. १ जुलै २०२४ पासून तिच्यात एक अडचण आली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने जागेची झडती आणि मालमत्तेचा ताबा घेण्याची सगळी प्रक्रिया, अगदी यादीवर पंचांच्या सह्या होईपर्यंत, चित्रित करणे सक्तीचे केले. ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायलाही सांगितले. चित्रीकरण झालेच नाही तर काय, यावर मात्र कलम गप्प आहे. उलटतपासात उत्तरे ठरलेली असतात: मोबाईलची बॅटरी उतरली होती, गर्दी जमली होती, रेंज नव्हती. (चित्रीकरणाला रेंज कशाला लागते, हे विचारायला विसरू नका.)

अशा वेळी बचावाच्या वकिलाला मोह होतो तो ‘जप्ती बेकायदा, सबब पुरावा बाद’ असे थेट म्हणण्याचा. अमेरिकेत हा युक्तिवाद चालतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मॅप विरुद्ध ओहायो या निकालाने तो राज्यांच्या न्यायालयांनाही लागू केला. आपल्याकडे तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. १९५५ च्या कुरुमा प्रकरणात झडती घेणारा पोलीस कायद्याने ठरवलेल्या हुद्द्याचा नव्हता, तरी सापडलेल्या दोन काडतुसांवर झालेली फाशीची शिक्षा प्रिव्ही कौन्सिलने कायम ठेवली. पुरावा संबद्ध आहे ना, मग तो कसा मिळवला हे न्यायालयाने पाहायचे नाही, असे तिथे ठरले. प्रकरण केनियातले, पण तिथेही तेव्हा आपलाच १८७२ चा साक्ष्य कायदा लागू होता.

पुढे मुंबईच्या कॉरोनरवरील लाचेच्या खटल्यात, म्हणजे मलकानी प्रकरणात, टेलिफोनवरील संभाषणाची टेप आली आणि सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र उचलले. पाठोपाठ डिसेंबर १९७३ मध्ये पूरण मल प्रकरणात आयकराच्या झडतीबाबत घटनापीठानेही ते पक्के केले. झडती बेकायदा असली तरी हाती लागलेला पुरावा संबद्ध असेल तर तो ग्राह्य, असा नियम तेव्हापासून चालत आला आहे.

बंदीची ठिकाणे मोजकी आहेत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने बाद होतो; त्यातला वस्तू सापडण्याशी थेट संबंधित भाग मात्र परंतुकाच्या दाराने आत येतो, हे सगळ्यांना पाठ आहे. सक्तीची नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचणी २०१० च्या सेल्वी निकालाने अनुच्छेद २०(३) खाली अडवली गेली.

आपल्या कामाचा सगळ्यात बोलका धडा अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, तर सापडलेला माल बेकायदा कब्जाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे बलदेव सिंग प्रकरणात १९९९ मध्ये घटनापीठाने सांगितले. हक्क सांगितला की नाही, हे किती बारकाईने तपासतात ते २०१४ च्या परमानंद निकालात दिसते. दोन आरोपींना एकत्रच विचारले गेले, एकानेच दोघांच्या वतीने सही केली. शिवाय छाप्यात सामील असलेल्या अधीक्षकांपुढे झडती देण्याचा तिसराच पर्याय, जो कलमात नाही, त्यांच्यापुढे ठेवला गेला. निर्दोष सुटका कायम राहिली.

मग कलम १०५ ला बलदेव सिंग लावायचा का? सरकारी वकील लगेच म्हणतील की कलम ५० आरोपीला हक्क देते, १०५ फक्त पोलिसांवर कर्तव्य टाकते. हा फरक पोकळ नाही. खुनातला रक्ताळलेला कोयता केवळ चित्रफीत नाही म्हणून मुद्देमालातून उचलून फेकावा, असे आम्हीही म्हणणार नाही. पण पूरण मल निकालाचा एक मोठा आधार आता ढासळला आहे, हे न्यायालयाच्या नजरेस आणलेच पाहिजे. तो निकाल १९५४ च्या एम. पी. शर्मा निकालावर विसंबला होता. आपल्या राज्यघटनेत अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क नाही, या तेव्हाच्या भूमिकेवर. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी ती भूमिका मोडीत काढली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात याच वाटेने जाऊन बेकायदा फोन-टॅपिंगचे आदेश रद्द केले, ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. दुसरीकडे वेगळे सूर निघाले आहेत. प्रश्न मिटलेला नाही.

खरे तर तो संसदेनेच मिटवायचा होता. विधी आयोगाने १९८३ च्या ९४व्या अहवालात कलम १६६-अ सुचवले होते. मानवी प्रतिष्ठेचा भंग किती झाला, गुन्हा किती गंभीर, पुरावा किती महत्त्वाचा, कृत्य जाणूनबुजून केले का, हे तोलून न्यायालयाने पुरावा नाकारावा की स्वीकारावा हे ठरवायचे, अशी ती योजना. २०२३ मध्ये संपूर्ण साक्ष्य कायदा नव्याने मांडताना कलमांचे क्रमांक बदलले, या सूचनेला मात्र जागा मिळाली नाही. ही चूकच झाली.

तोवर हाती काय आहे? पुष्कळ. टोमासो ब्रुनो प्रकरणात हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रण हजर न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सरकार पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढले. कायद्याने सक्तीचे केलेले चित्रीकरण नसेल तर हाच युक्तिवाद साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली दुप्पट जोराने करता येतो. आरोपपत्राच्या नकला मिळताच चित्रफितीची मागणी लेखी करा. ती दंडाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेला पोचली हे त्यांच्या कार्यालयातून काढून घ्या. साक्षीच्या वेळी हरकत नोंदवल्याशिवाय पंचनाम्याला निशाणी पडू देऊ नका. बिपिन पांचाळ निकालाप्रमाणे न्यायाधीश अशी हरकत अंतिम युक्तिवादापर्यंत राखून ठेवत; २०२१ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ती रीत बंधनकारक नसल्याचे सांगितले. पण नोंदवलीच नाही तर अपिलात ती कुठून आणणार?

सरकारी वकिलांनाही एक सांगणे. चित्रीकरण नसल्याचे कारण आरोपपत्रासोबतच, अंमलदाराच्या सहीनिशी घ्या. ते पहिल्यांदा उलटतपासात सुचले तर त्यावर विश्वास कोण ठेवणार?

कलम १०५ वर आपल्या जिल्ह्यात झालेले आदेश, आरोपीच्या बाजूचे असोत वा सरकारच्या, आमच्याकडे पाठवा. त्यांतले महत्त्वाचे आम्ही टिपणांसह छापू.