बोहेमियन आणि बोहारीण

(एस. वाय. बी. ए.)

शब्दांचे नशीब माणसांच्या नशिबासारखेच असते. एखादा शब्द जन्माला येतो हिणवण्यासाठी आणि म्हातारपणी मिरवतो दागिना म्हणून. ‘बोहेमियन’ हा असाच एक शब्द. हल्ली त्याचे लाडके नाव ‘बोहो’. शहरातल्या दुकानांत बोहो झुमके, बोहो पिशव्या, बोहो पडदे मिळतात. पायपुसणेसुद्धा बोहो मिळते. आपल्या महाविद्यालयातही सुती दोरीला गाठी मारून भिंतीवरची शोभा करणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, आरसे लावलेले बटवे करून मोबाईलवरून विकणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात दोन-चार तरी सापडतील. मीही त्यांतलीच एक. तेव्हा त्यांची टिंगल करण्यासाठी हा लेख नाही, हे आधीच सांगते. हातच्या कामाला चार पैसे मिळावेत, याच मताची मी आहे. प्रश्न एवढाच, की ते पैसे कोणाला मिळतात, किती मिळतात आणि कोणाच्या नावावर मिळतात?

आधी शब्दाची हकिगत ऐका. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रांत. पंधराव्या शतकात रोमा नावाचे भटके लोक पश्चिम युरोपात येऊन पोहोचले. फ्रेंचांना वाटले, हे बोहेमियातून आले. म्हणून त्यांना त्या प्रांताचे नाव चिकटले. खरे तर ते आले होते फार लांबून. त्यांची भाषा तपासणाऱ्या अभ्यासकांनी तिचे मूळ भारतात शोधून काढले. रोमा माणूस पाण्याला ‘पानी’ म्हणतो, कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’! आमच्यातले काही जण तर रोमा म्हणजे बंजाराच, असे छातीठोकपणे सांगतात. भाषाशास्त्र एवढे पुढे जात नाही, म्हणून मीही जात नाही. पण एक साम्य सांगायला पुरावा लागत नाही. ज्या गावात ते गेले, त्या गावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी तर लाखो रोमांना ठार मारले.

मग हा शब्द प्रतिष्ठित कसा झाला? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या गरीब चित्रकारांनी आणि कवींनी तो आपल्या अंगाला लावून घेतला. घरभाडे थकलेले, कोट फाटलेला, पण मन मोकळे, असे ते ‘बोहेमियन’ जीवन. आंरी म्युर्झे याने त्यावर लिहिलेले पुस्तक १८५१ साली आले आणि त्यावरूनच पुच्चीनीचा ऑपेरा १८९६ साली रंगभूमीवर आला. झाले! भटकेपणाला काव्य चिकटले. फरक एवढाच, की पॅरिसच्या कवीने भटकेपण निवडले होते. रोमा माणसाला ते निवडायचे की नाही, हे कोणी विचारले नव्हते.

पुढे हिप्पी आले. १९७० च्या दशकात गोव्यात हणजुणेला त्यांनी बुधवारचा बाजार सुरू केला. मुक्काम लांबवायला पैसे हवेत म्हणून जवळच्या वस्तू विकायच्या, हाताने केलेले काही विकायचे, असा तो बाजार. हळूहळू त्यात आपल्याकडच्या विक्रेत्यांनी जागा धरली, आणि त्यांत होत्या आमच्या लमाणी बायका. आरशांच्या पिशव्या, कवड्यांचे पट्टे, गोंड्यांच्या चादरी घेऊन त्या वाळूत बसल्या. आता गंमत पाहा. ती पिशवी पर्यटक बाईने खांद्याला लावली, की ती ‘बोहो’ होते. तीच पिशवी विकणारी बाई मात्र ‘फिरस्ती’च राहते.

हे मला टोचते, कारण मी तांड्यावरची आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. एकेकाळी आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत नेत. त्याला लदेणी म्हणत. रेल्वे आली आणि लदेणी मोडली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे बंजारांचे काही गटही त्या यादीत गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्रात आजही आमचे नाव विमुक्त जातींच्या यादीत आहे. आमच्यातलेच वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. पण तांड्यातून मुख्यमंत्री झाला, तरी फेटिया घातलेली बाई एस. टी. त चढली, की माना वळायच्या त्या वळतातच.

फेटिया म्हणजे आमचा घागरा. त्यावर आरसे लावलेली कांचळी, डोक्यावर टुकरी, केसांत घुगरी आणि दंडापर्यंत बलिया. माझी आजी अजून हे सगळे घालते. माझ्या याडीने, म्हणजे आईने, लग्नातला फेटिया पेटीत ठेवला तो कायमचाच. तिचे म्हणणे सरळ आहे: साडी नेसली की बाजारात कोणी “कुठली गं तू?” असे विचारत नाही. तिने जो पोशाख लाजेपोटी उतरवला, तोच आता शहरातल्या काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवलेला असतो. तिथे त्याची लाज कोणाला वाटत नाही!

पेटीतल्या या कपड्यांची पुढची वाट तर आणखी विचित्र. तांड्यावर अधूनमधून बोहारीण येते. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडे द्यायचे, हा तिचा धंदा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जुन्या लुगड्यावर पातेले देणारी ही बाई भरतकामाचा फेटिया दिसला, की एक डबा जास्त देते. तिला मी दोष देत नाही. डोक्यावर पाटी घेऊन उन्हात फिरणारी तीही पोटासाठीच फिरते. पण तिच्याकडून तो फेटिया व्यापाऱ्याकडे जातो, तिथे त्याचे तुकडे होतात आणि एकेका तुकड्याची पिशवी शिवली जाते. जी वस्तू एका बाईने कित्येक महिने दिवसाची कामे उरकून टाका-टाका घालत केली, ती तांड्यावर स्टीलच्या डब्याइतकी ठरते आणि शहरात ‘जुनी, दुर्मिळ, बोहो’ म्हणून हजारांच्या चिठ्ठीवर चढते. बोहारीण आणि बोहेमियन या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण बाजाराने तो कसा जोडून दिला आहे पाहा!

म्हणून मी या मताची झाले, की विकायचेच असेल, तर आपण स्वतः नवे करून विकावे. पेटीतले जुने नमुना म्हणून जपावे. पण इथेही डोळे मिटून चालत नाही. हिशेब मांडावा लागतो. माझा मांडून दाखवते.

आरसा लावलेला एक छोटा बटवा घ्या. आरशाला भोक नसते. तो कापडावर टिकवायचा, तर आधी त्याच्यावरून उभे-आडवे धागे घालून चौकट बांधायची, मग त्या चौकटीत सुई अडकवत गोल फिरून काजासारखे टाके घालायचे. धागा सैल राहिला तर आरसा निसटतो. जास्त ओढला तर कापडाला चुणी पडते. एका आरशाला मला १० मिनिटे लागतात. १२ आरशांचे झाले २ तास. कडेचा धावदोरा आणि साखळी टाका यांना १ तास. अस्तर, शिलाई आणि नाडी यांना अर्धा तास. गोंडे आणि कवड्यांना अर्धा. एकूण ४ तास. साहित्य असे: कापड व अस्तर ३५ रुपये, धागे २०, आरसे १२, कवड्या व नाडी १३. एकूण ८० रुपये.

हा बटवा एका दुकानदाराने १२० रुपयांना मागितला. म्हणजे ४ तासांच्या कामाचे ४० रुपये, तासाला १० रुपये! २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. दिवसाचे ८ तास धरले, तर तासाला ३९ रुपये पडतात. माती उचलणाऱ्या हाताला ३९ आणि भरतकाम करणाऱ्या हाताला १०? निदान मातीइतकी किंमत धरली, तरी ४ तासांचे १५६ आणि साहित्याचे ८० मिळून बटवा २३६ रुपयांच्या खाली देता येत नाही. मी दिला नाही. त्या दुकानात तसल्याच बटव्याला ६५० ची चिठ्ठी होती. दुकानाला भाडे असते, वीज असते, न खपलेला माल अंगावर पडतो, हे मी मान्य करते. पण या सगळ्यांचे पैसे धरल्यावर जे उरते, ते करणारीचे, हा हिशेब मला मान्य नाही. करणारीचे पैसे आधी धरा.

यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: “अहो ताई, हे तर तुम्ही फावल्या वेळात करता ना!” माझ्या मते साऱ्या गडबडीचे मूळ या ‘फावल्या वेळा’त आहे. बाईचा वेळ एकदा फावला ठरवला, की त्याचे मोल शून्य. माझी याडी हंगामात ऊसतोडीला जाते. घरी असली की पाणी, सरपण, चूल, शेळ्या. तिचा फावला वेळ मला तरी अजून सापडलेला नाही. आणि माझा? मी ज्या ४ तासांत बटवा करते, ते ४ तास अर्थशास्त्राच्या पुस्तकाचे असतात. परीक्षा जवळ आली, की सुई बाजूलाच ठेवावी लागते. जोडधंदा म्हणजे वरकमाई हे खरे. पण वरकमाई म्हणजे फुकटचे श्रम नव्हेत.

काही मैत्रिणी विचारतात, “मग आम्ही कवड्या-आरसे वापरायचेच नाहीत का? कला काय कोणा एका जातीची मिरास आहे?” मुळीच नाही. घालणाऱ्याने खुशाल घालावे, करणाऱ्याने खुशाल करावे. कशिदा हा काही आमच्या एकट्यांचा नाही. कच्छमध्येही आरसेकाम होते आणि तेही सुरेख होते. माझा आग्रह फक्त नावाचा आहे. वसतिगृहाच्या खिडक्यांत पिसे लावलेली जी ‘ड्रीमकॅचर’ची जाळी लटकते, ती मूळची उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांची. विकणारीने तेवढे सांगितले, तर तिचे काय बिघडते? ‘बोहो’ या एका गोणीत सगळे कोंबले, की ओजिब्वेही नाहीसे होतात, कच्छही नाहीसे होते आणि तांडाही.

तांड्यावरचा आक्षेप वेगळाच असतो. “शिकायला पाठवले ते पुन्हा सुईच धरायला?” असे माझा बाप विचारतो. त्याच्या प्रश्नात तथ्य आहे. जे ओझे बायकांनी एकदा खाली ठेवले, ते हौसेने पुन्हा डोक्यावर घ्यायचे कशाला? माझे उत्तर असे, की आजीकडे सुई होती, पण हिशेब नव्हता. माझ्याकडे दोन्ही आहे. शिक्षणाचा उपयोग सुई टाकून देण्यासाठीच व्हावा, असे थोडेच आहे? सुईची किंमत ठरवण्यासाठीही तो होऊ शकतो.

आणि हे स्वप्नरंजन नव्हे. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूर येथे लंबाणी बायका हेच काम संस्थेमार्फत करतात. संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे त्या नावाने दुसरीकडचा माल विकायला कायद्याने बंदी आली. २०२३ च्या जुलैमध्ये हंपी येथे जी-२० च्या बैठकीच्या वेळी तिथल्या ४५० हून अधिक बायकांच्या हातचे १,७५५ नमुने एकत्र मांडले गेले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. तिथे हे काम ‘बोहो’ म्हणून गेले नाही, लंबाणी म्हणून गेले. नावामुळे भाव आपोआप मिळतो, असे मी म्हणत नाही. पण ज्या वस्तूला नाव नसते, तिचा भाव दुसराच कोणी ठरवतो, एवढे मात्र नक्की.

आपल्या महाविद्यालयापुरते काय करता येईल? ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. त्या योजनेत बागेत किंवा ग्रंथालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे तास मोजले जातात. हातकामालाही तोच नियम लावावा. स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळाव्यात भेळ आणि पाणीपुरीच्या शेजारी एक टेबल हातच्या वस्तूंना द्यावे. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर तीन ओळी असाव्यात: करणारीचे नाव, हे काम मूळ कुठले, आणि करायला किती तास लागले. चौथी ओळ किमतीची. तीन ओळी वाचल्यावर चौथीवर घासाघीस करायला जीभ सहसा उचलत नाही, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, गाठी मारा, मणी ओवा, आरसे लावा. पैसे मिळवण्यात कमीपणा कसला? फक्त घड्याळ जवळ ठेवा आणि तास वहीत टिपून ठेवा. आणि मित्रहो, विकत घेणारे तुम्ही असाल, तर “कितीला?” विचारण्याआधी “कोणी केलं?” एवढे विचारा. उत्तर देता आले नाही, तर समजा, की ते काम ज्या हातांचे आहे, त्या हातांपर्यंत तुमचे पैसे पोहोचणार नाहीत.